औषध मागू नका, बारा आठवडे मागा

फायब्रोमायल्जियाचा, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आजाराचा, रुग्ण डॉक्टरसमोर बसतो आणि पहिल्याच वाक्यात म्हणतो, 'मला लो-डोस नॅल्ट्रेक्सोन लिहून द्या.' हे मूळचं व्यसनमुक्तीचं औषध, दुखण्यासाठी अगदी थोड्या मात्रेत घेतलं जाणारं. बहुतेक वेळा बोलणं तिथेच खुंटतं. डॉक्टरला त्या वाक्यात औषधाचं नाव कमी आणि जबाबदारी जास्त ऐकू येते. किती दिवस द्यायचं, लक्ष कोण ठेवणार, गुण नाही आला तर थांबवणार कोण, यातलं काहीच त्यात नसतं. म्हणून औषध मागू नये. बारा आठवड्यांची चाचणी मागावी, जिची मोजणी आधी ठरलेली आहे आणि थांबायची तारीखही.

ऑफ-लेबल म्हणजे चोरटं औषध नव्हे. औषधाला परवानगी मिळते ती ठरावीक आजारासाठी आणि ठरावीक मात्रेसाठी; भारतात ती सीडीएससीओ, म्हणजे केंद्राची औषध नियंत्रण संस्था, देते. त्याबाहेरच्या आजारासाठी डॉक्टरने स्वतःच्या विचाराने तेच औषध लिहिलं की ते ऑफ-लेबल. हे रोज होतं. अमिट्रिप्टिलीन मूळचं नैराश्याचं, पण अंगदुखीसाठी आणि झोपेसाठी रात्री 10 मिलिग्रॅम सर्रास लिहिलं जातं. मेटफॉर्मिन मधुमेहाचं, पण पीसीओएसमध्ये, म्हणजे स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या विकारात, देतात. डॉक्टरशी बोलताना ही उदाहरणं तोंडावर फेकायची नसतात. आपण काही जगावेगळं मागत नाही, एवढी खात्री स्वतःला असावी म्हणून ती माहीत असावीत.

नॅल्ट्रेक्सोनची अडचण वेगळी आहे. 50 मिलिग्रॅमच्या मात्रेत अमेरिकेत 1984 साली अफूवर्गीय व्यसनासाठी आणि 1994 साली दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता मिळाली. त्यामुळे ते सगळ्यात चांगलं ओळखतात मानसोपचारतज्ज्ञ. फार्मसीतला माणूस गोळी हातात देताना रुग्णाकडे निरखून पाहतो, घरात कुणी पाकिटातला कागद वाचला की कुजबुज सुरू होते. घरच्यांना आधीच सांगावं: हे दुखण्यासाठी आहे, मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे, आणि दारू घेतल्यावर उलट्या-धडधड आणणारी डायसल्फिरामची गोळी ती ही नव्हे.

पुरावा किती आहे हे रुग्णाला डॉक्टरइतकंच प्रामाणिकपणे माहीत हवं. स्टॅनफर्डमधल्या 2013 च्या अभ्यासात 31 स्त्रिया होत्या, मात्रा 4.5 मिलिग्रॅम. औषधावर असताना वेदना 28.8 टक्के उतरली, नकली गोळीवर, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या बिनऔषधी गोळीवर, 18 टक्के. डेन्मार्कमधल्या 2024 च्या अभ्यासात 99 स्त्रिया, 6 मिलिग्रॅम, बारा आठवडे. तिथे वेदनेत नकली गोळीपेक्षा ठोस फरक दिसला नाही. पहिला अभ्यास दाखवून दुसरा लपवणाऱ्या रुग्णावर डॉक्टरचा विश्वास बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही समोर ठेवून 'खात्री नाही, पण धोका कमी आहे आणि बाकीचं करून झालंय' असं म्हणणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. नकली गोळीवरही 18 टक्के उतार पडतो, म्हणूनच आधीची नोंद नसेल तर चाचणीला अर्थ उरत नाही.

ती नोंद अशी ठेवायची. औषध मागायला जाण्याआधी चौदा दिवस, रोज रात्री एकाच वेळी: वेदना शून्य ते दहा, झोप किती तास, आणि एक काम जे नेहमी अडतं. पाटा-वरवंटा, दोन कळशा पाणी, बसस्टॉपपर्यंतची चाल, काहीही चालेल. मात्र शेवटपर्यंत तेच ठेवायचं. यातून सरासरी निघते. ती तीस टक्क्यांनी उतरली तर फरक खरा मानायचा, असं आधीच ठरवावं.

मग एकच पान. चाळीस पानांच्या छापील प्रती नेल्या तर त्यांतलं एकही वाचलं जात नाही. वर निदान, कोणी आणि कोणत्या वर्षी केलं. खाली आतापर्यंत घेतलेली औषधं: नाव, जास्तीत जास्त किती मात्रा, किती आठवडे, आणि बंद का केलं. 'प्रेगाबालिन घेतलं, फायदा नाही' हे निरुपयोगी. 'प्रेगाबालिन 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे, चक्कर आणि पाच किलो वजन वाढ, बंद' हे कामाचं. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलीन यांपैकी काही नीट मात्रेत घेतलंच नसेल तर डॉक्टर आधी तेच सुचवणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्याखाली सध्याची सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि खोकल्याची बाटलीसुद्धा. शेवटी यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या ताज्या तपासण्या. पान इंग्रजीत लिहिलेलं बरं, डॉक्टरची नजर त्यावरून भरभर फिरते. बोलायचं मात्र मराठीत किंवा कोकणीत, जिथे आपला शब्द अडत नाही.

कोणाकडे जायचं? संधिवाततज्ज्ञ, पेन क्लिनिक चालवणारे भूलतज्ज्ञ, मज्जातंतूतज्ज्ञ. मानसोपचारतज्ज्ञांचा विचार फार कमी जण करतात, खरं तर औषधाची भीती त्यांनाच सगळ्यात कमी असते. गोव्यात बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था, म्हणजे आयपीएचबी, एकाच परिसरात आहेत. एका तज्ज्ञाने 'दुखण्यासाठी चालेल' आणि दुसऱ्याने 'औषध ओळखीचं आहे' असं केस पेपरवर लिहिलं की तिसऱ्या भेटीत वाट मोकळी होते. मोठ्या इस्पितळात युनिटचा, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या तुकडीचा, वार सांभाळावा. वार चुकला की नवे डॉक्टर, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. पेडणे, सत्तरी, काणकोणहून सकाळची पहिली बस धरून येणाऱ्याला हे परवडत नाही. मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाशी व्हिडिओवरही बोलता येतं. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार तशी चिठ्ठी वैध असते. त्या चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं पाहावं.

बोलायचं साधारण असं: 'डॉक्टर, ही तीन औषधं या मात्रेत झाली. लो-डोस नॅल्ट्रेक्सोनबद्दल पुरावा दोन्ही बाजूंचा आहे हे मला ठाऊक आहे. बारा आठवडे बघता येईल का? महिन्याला नोंद दाखवीन, तीस टक्के फरक नाही पडला तर मीच बंद करा म्हणेन. माझ्या बाबतीत काही धोका दिसतो का?' शेवटचा प्रश्न गाळू नये. 'नाही' आलं तर त्यामागचं कारण याच प्रश्नातून बाहेर येतं. कारण यकृत असेल तर तपासणी करता येते. 'मला याचा अनुभव नाही' असं असेल तर अनुभव असलेल्याकडे पत्र मागावं. ते सहसा मिळतं. पण ट्रामाडॉल हे वेदनाशामक चालू आहे, असं कारण असेल तर तिथे हुज्जत घालू नये.

ट्रामाडॉलवर थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते. नॅल्ट्रेक्सोन अफूवर्गीय औषधांची जागा अडवतं. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन यांपैकी काही रोज चालू असताना ते घेतलं तर शरीराला त्या औषधाची अचानक ओढ सुटते (विथड्रॉवल): घाम, उलट्या, जुलाब, कळा. पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉलची एकत्र गोळी अनेकांच्या डब्यात 'दुखण्याची गोळी' म्हणून पडून असते, आत ट्रामाडॉल आहे हे घेणाऱ्याला माहीतच नसतं. कोडीनचं खोकल्याचं औषधही तसंच. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून, किंवा सरळ सगळा डबा डॉक्टरसमोर ओतून खात्री करावी. मध्ये निदान सात ते दहा दिवसांचं अंतर लागतं, काही औषधांना जास्त. ते डॉक्टरच ठरवणार. बरीच वर्षं चालू असलेली अशी गोळी स्वतःच्या मनाने एका दिवसात तोडू नये. यकृताचा तीव्र आजार असेल तर नॅल्ट्रेक्सोन नको. गरोदरपण किंवा त्याचा विचार असेल तर आधी सांगावं.

आता चिठ्ठी. चाचणी मान्य झाल्यावरही इथे घोळ होतो. बाजारात सहज मिळते ती 50 मिलिग्रॅमची गोळी. हवी असते 1.5, मग 3, मग 4.5. सुरीने चार तुकडे केले तरी प्रत्येकात 12.5 मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण मात्रेच्या जवळजवळ तिप्पट. तयार कमी मात्रेच्या कॅप्सूल मिळत असतील तर उत्तम; नाहीतर डॉक्टरने द्रावण लिहून द्यावं लागतं. एक गोळी 50 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळली की एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. हिशेब तोंडपाठ होतो. नॅल्ट्रेक्सोन पाण्यात विरघळतं, गोळीतला भुकटीचा भाग आणि वरचं आवरण विरघळत नाही. तळाशी गाळ दिसला म्हणून घाबरू नये, दर वेळी बाटली हलवून घ्यावी. मोजायला तोंडाने औषध द्यायची बिनसुईची सिरिंज. इन्सुलिनची सिरिंज वापरूच नये: तिच्यावर आकडे युनिटचे असतात, 40 ची आणि 100 ची वेगळी, आणि 40 चा आकडा पाहून चार मिलिग्रॅम समजणं सोपं आहे. बाटली काचेची, फ्रिजमध्ये, नाव आणि तारीख लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. 1.5 च्या मात्रेत एक बाटली तेहेतीस दिवस पुरेल असा हिशेब निघतो, पण घरगुती द्रावण तितकं टिकेल असं धरू नये. फार्मासिस्टने सांगितलेले दिवस संपले की उरलेलं ओतून द्यावं. पावसाळ्यात दिवसदिवस वीज जाणाऱ्या गावात तर आणखी लवकर.

चिठ्ठीवर 'नॅल्ट्रेक्सोन 4.5' एवढंच असेल तर फार्मसीत 50 चीच गोळी रोज एक म्हणून समजावली जाण्याचा धोका असतो. डॉक्टरला विनंती करून पूर्ण लिहून घ्यावं: गोळी किती मिलिग्रॅमची, किती पाण्यात, किती मिलिलिटर, केव्हा. दशांशाआधी शून्य हवं, 0.5 असं, नुसत्या .5 चा ठिपका पुसट झाला की पाच होतात. नालोक्सोन हे वेगळं औषध आहे, नाव नीट वाचून घ्यावं.

सुरुवात सहसा 1 किंवा 1.5 ने, दर दोन आठवड्यांनी वाढ, 4.5 ला थांबायचं. रात्री घेतात, स्वप्नं फार स्पष्ट पडली किंवा झोप उडाली तर डॉक्टरला विचारून सकाळी घ्यावं, नाहीतर एक पायरी खाली उतरावं. डोकेदुखी, मळमळ पहिल्या दिवसांत होते. या काळात दुसरं काही नवं सुरू करू नये, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही.

पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवावी: 'नॅल्ट्रेक्सोन घेतो' किंवा 'घेते', मात्रा, शेवटची वेळ. गोव्याच्या रस्त्यांवर दुचाकीवरून पडून 108 मधून जायची वेळ कुणावरही येते, आणि तिथे वेदनेसाठी पहिलं इंजेक्शन अफूवर्गातलंच असू शकतं. दात काढायचा असो की शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञाला आधी सांगावं. किती दिवस आधी बंद करायचं ते त्यांनी ठरवायचं.

खर्चाचं म्हणाल तर 4.5 च्या मात्रेत महिन्याला तीन गोळ्या पुरेशा होतात, आणि जुनं द्रावण ओतून टाकलं तरी एखाद-दुसरीच वाढते. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना इस्पितळात होणाऱ्या उपचारांसाठी आहे, या गोळ्या खिशातूनच घ्याव्या लागतात. चवथीच्या आधी आठवडाभर फार्मसीत सांगून ठेवावं. मागवून आणावं लागणारं औषध त्या दिवसांत हमखास रखडतं.

बाराव्या आठवड्याची भेट पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावी. त्या दिवशी दोन सरासऱ्या शेजारी-शेजारी लिहून न्याव्यात, आधीच्या चौदा दिवसांची आणि शेवटच्या चौदा दिवसांची. फरक तीस टक्क्यांच्या खाली असेल तर 'अजून थोडे दिवस बघू' असं डॉक्टर म्हणण्याआधी बंद करण्याचा विषय रुग्णानेच काढावा. असा शब्द पाळलेला रुग्ण पुढच्या वेळी दुसरं काही मागायला आला, की त्याच्या कागदाकडे डॉक्टर नीट बघतात.