दोष नक्की कुठे होता? घरचा राउटर बदलण्याचा माझा अनुभव

मी रत्नागिरीत राहते आणि करसल्लागार म्हणून घरातूनच काम करते. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी अशी विवरणपत्रे अशिलांच्या वतीने भरायची असल्याने त्या दिवसांत इंटरनेट मध्येच तुटले, तर माझे सगळे काम अडते. ओटीपी येतो, पण तो टाकून पुढे जाण्याआधीच पोर्टल लॉगिनच्या पानावर परत नेऊन सोडते, आणि विवरणपत्र सादर झाले की नाही हे पाहण्यासाठी सगळे पुन्हा उघडावे लागते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हे इतक्या वारंवार होऊ लागले, की घरातल्या प्रत्येकाने मला राउटर बदलून टाकण्याचा सल्ला दिला. मात्र नवा राउटर आणूनही तक्रार तशीच राहिल्याची उदाहरणे माझ्या ओळखीत होती. म्हणून खरेदीआधी दोष कुठे आहे ते शोधायचे मी ठरवले.

आमचे घर जुने, जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. रस्त्यावरच्या खांबावरून आलेली फायबरची केबल पडवीत लावलेल्या ओएनटीच्या डब्यात शिरते, प्रकाशाचे संकेत तिथे विजेच्या संकेतांत बदलतात आणि तिथून एक लॅन केबल माजघरातल्या फडताळात ठेवलेल्या राउटरपर्यंत जाते. हा राउटर सेवा देणाऱ्या कंपनीचा नव्हता, आम्ही काही वर्षांपूर्वी विकत घेतलेला होता. म्हणजे दोष बाहेरच्या फायबरमध्ये, ओएनटीमध्ये, मधल्या केबलमध्ये, राउटरमध्ये, त्याच्या अडॅप्टरमध्ये किंवा केवळ वायफायच्या लहरींमध्ये, यांपैकी कुठेही असू शकत होता, आणि या प्रत्येकाचा उपाय निराळा होता.

सर्वांत आधी मी एक वही केली. जोडणी तुटली की वेळ, त्या क्षणी वीज गेली होती का, ओएनटीवरचे कोणते दिवे लागलेले होते आणि मोबाइलवर काय दिसत होते, एवढेच त्यात लिहायचे. ही वही पुढे फार उपयोगी पडली, कारण तिच्यातून लवकरच असे दिसले की आम्ही ज्याला सरसकट ‘नेट गेले’ म्हणत होतो, त्याचे प्रत्यक्षात दोन निराळे प्रकार होते. काही वेळा मोबाइलवरून वायफायचे नावच नाहीसे होई आणि मिनिटा-दोन मिनिटांनी आपोआप परत येई. इतर वेळी नाव आणि वायफायच्या पट्ट्या पूर्ण दिसत, पण एकही पान उघडत नसे. पहिला प्रकार बहुधा संध्याकाळी, वीज लुकलुकण्याच्या वेळी घडे, तर दुसरा भर दुपारी. दोन्ही प्रकारांत ओएनटीवरचा ‘पॉन’चा, म्हणजे फायबरची जोडणी शाबूत असल्याचे सांगणारा, हिरवा दिवा स्थिर असे आणि फायबर तुटल्यावर लागणारा ‘एलओएस’चा लाल दिवा कधीही लागलेला नसे.

तरीही बाहेरची लाइन तपासून घेणे आवश्यक होते. कंपनीचा तंत्रज्ञ आला, त्याने ओएनटीमधून फायबर काढून मीटरला लावली आणि उणे २१ डीबीएम (येणाऱ्या प्रकाशाची पातळी सांगणारे एकक) हा आकडा मला दाखवला. हा आकडा नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका येणारा प्रकाश अधिक. घरोघरच्या फायबर जोडण्यांत ओएनटी साधारण उणे २७ पर्यंत नीट काम करते, आणि दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होत असल्याने आमच्याकडे पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांशावर आला असता, तरीही जोडणी टिकली असती. “ताई, लाइन एकदम ठीक आहे, राउटर बंद करून चालू करत जा,” असे सांगून तो गेला. लाइनविषयीचे त्याचे म्हणणे मोजमापावर आधारलेले असल्याने मी ते मानले. बंद करून चालू करणे हा मात्र तात्पुरता उतारा होता, निदान नव्हते.

त्यानंतर मी जी चाचणी केली, ती या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि ती अंदाजाला जागा ठेवत नाही. लॅपटॉपचे वायफाय बंद करून मी तो केबलने थेट राउटरला जोडला. मग विंडोजमध्ये कमांडच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीत गूगलच्या डीएनएस सर्व्हरला (संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या संगणकाला), म्हणजे ८.८.८.८ ला, सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर येते का आणि किती वेळात, हे पाहणारी आज्ञा) चालू ठेवले. राउटरकडून उत्तरे येत असताना फक्त बाहेरची उत्तरे थांबली, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे समजायचा. दोन्ही एकदम थांबली, तर तो राउटरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे. केबलवर सगळे सुरळीत राहून केवळ मोबाइलवर अडचण आली असती, तर वायफायच्या लहरींकडे, म्हणजे भिंती, अंतर आणि शेजारच्या वायफायच्या गर्दीकडे पाहावे लागले असते.

आमच्याकडे दोन्ही खिडक्या एकदम थांबत होत्या. दुपारच्या वेळी तर राउटरकडून येणाऱ्या उत्तराला, जे एरवी एका मिलिसेकंदाच्या आत येते, आधी शेकडो मिलिसेकंद लागत आणि नंतर ते येणेच बंद होई. हातभर केबलवरचे यंत्र इतक्या उशिरा उत्तर देते, याचा दोष बाहेरच्या लाइनवर टाकता येत नाही. संध्याकाळच्या प्रकाराचे उत्तर राउटरच्या स्थितीच्या पानावर मिळाले. यंत्र किती वेळ अखंड चालू आहे, हे तिथे दिसते, आणि वायफायचे नाव नाहीसे होऊन परत आल्यावर पाहिले की तो काळ दर वेळी शून्यापासून मोजायला लागलेला असे. राउटर आपणहून बंद होऊन चालू होत होता.

यावरून लक्ष अडॅप्टरकडे गेले. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वीज गेली तरी राउटर बंद पडण्याचे कारण नव्हते. पण इन्व्हर्टरला बॅटरीवर जाण्यासही सेकंदाचा एक अगदी लहान अंश लागतो, आणि तेवढा काळ तरून नेण्याचे काम अडॅप्टरमधला कपॅसिटर करतो. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आमच्या ओळखीच्या काकांकडे मी तो घेऊन गेले. त्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे छापलेले होते आणि मीटर नुसता लावला तेव्हा पूर्ण १२ व्होल्ट दिसले. काकांनी मात्र त्यावर विश्वास न ठेवता गाडीचा १२ व्होल्ट, १० वॉटचा दिवा त्याला जोडला. असा दिवा साधारण पाऊण अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह ओढतो, म्हणजे अडॅप्टरच्या छापील क्षमतेच्या आतच. दिवा लागताच व्होल्टेज १० च्या खाली उतरले. आवरण उघडल्यावर आतला कपॅसिटर वरून फुगलेला दिसला. उष्णतेने असे कपॅसिटर वर्षांनुवर्षे आतून सुकत जातात, आणि फडताळात दिवसरात्र गरम राहणाऱ्या अडॅप्टरच्या बाबतीत तसे होणे अगदी स्वाभाविक आहे. भार न देता घेतलेले मोजमाप किती फसवे असते, हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिले.

नवा अडॅप्टर घेताना काकांनी सांगितलेल्या गोष्टी इथे नोंदवते, कारण दुकानात अनेकदा केवळ पिन बसते की नाही एवढेच पाहिले जाते. व्होल्टेज जुन्याइतकेच हवे, अँपिअर तितकेच किंवा अधिक चालतात, कारण यंत्र आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. पिनेच्या मधल्या भागाचा धन-ऋण क्रम लेबलवरच्या आकृतीशी जुळला पाहिजे आणि अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण असली पाहिजे. मी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा घेतला आणि संध्याकाळचे नाव नाहीसे होणे त्या दिवसापासून थांबले.

दुपारचा प्रकार मात्र थांबला नाही. राउटर फडताळातून काढून उघड्यावर ठेवला, त्याच्या जाळीतली धूळ काढली, मधली लॅन केबल बदलली. दोन तुटण्यांमधले अंतर वाढले, पण तुटणे उरलेच. सॉफ्टवेअर अद्ययावत करायला गेले, तर उत्पादकाने त्या मॉडेलसाठी नवी आवृत्ती देणे केव्हाच थांबवलेले होते. सुरक्षेच्या दृष्टीनेही हे चांगले नव्हते, कारण अशा यंत्रात नव्याने सापडणाऱ्या त्रुटी पुढे कधीच दुरुस्त होत नाहीत. शेवटी फॅक्टरी रिसेट केला. त्याआधी पीपीपीओईचे (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (एकाच लाइनवरच्या वेगळ्या मार्गाचा) क्रमांक कंपनीच्या कार्यालयातून विचारून लिहून ठेवले होते. ही माहिती हाती नसताना रिसेटचे बटण दाबू नये, कारण मग कंपनीचा माणूस येईपर्यंत इंटरनेट पूर्ण बंद राहते. रिसेटनंतरही काही दिवसांत तीच स्थिती आली.

तरीही ओएनटी निर्दोष आहे, हे अजून सिद्ध व्हायचे होते. म्हणून मी राउटर पूर्णपणे बाजूला काढला आणि लॅपटॉप थेट ओएनटीला जोडून विंडोजमध्येच पीपीपीओईचे ब्रॉडबँड कनेक्शन तयार केले. आमच्या जोडणीवर राउटरचा मॅक पत्ता (यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक) बांधलेला असल्याने तो आधी कंपनीकडून मोकळा करून घ्यावा लागला. राउटरची आड नसल्याने लॅपटॉप सरळ इंटरनेटसमोर येतो, तेव्हा फायरवॉल चालू आहे याची खात्री करून आणि नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ ठेवूनच हे केले. कामाच्या संपूर्ण दिवसात, दुपारच्या ऐन उकाड्यातही, ८.८.८.८ कडून येणारी उत्तरे एकदाही खंडित झाली नाहीत. शिवाय वेगही वाढलेला दिसला. आमचा प्लॅन १५० एमबीपीएसचा, पण जुन्या राउटरची पोर्ट १०० एमबीपीएसची असल्याने केबलवरही ९५ च्या पुढे आकडा कधी गेला नव्हता. आता राउटर बदलण्यास माझ्याकडे कारण होते.

खरेदीत मी जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांकडे लक्ष दिले नाही. सगळ्या पोर्ट गिगाबिटच्या असाव्यात, पीपीपीओईबरोबर व्हीलॅन क्रमांक देण्याची सोय असावी, वायफाय ६ (वायफायची सहावी पिढी) आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची पद्धत) असावे आणि उत्पादक सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या नियमित देत असावा, एवढे निकष ठरवले. अँटेना किती आहेत, यावर घराघरांत फार चर्चा होते, पण चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे अँटेनांची संख्या फारशी कामाची नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी एखादी भिंत पार करतात, ५ गिगाहर्ट्झवर इंटरनेटचा वेग अधिक मिळत असला तरी त्या लहरी दुसऱ्या भिंतीपर्यंत क्षीण होतात. म्हणून एक शक्तिशाली राउटर घेण्याऐवजी एक मध्यम राउटर माजघरात आणि एक अॅक्सेस पॉइंट (केबलवरून आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारे यंत्र) मागच्या खोलीत, अशी योजना केली आणि दोन्हींच्या मध्ये कॅट ६ केबल छपराखालून ओढून घेतली. दुसरे यंत्र केबलने जोडलेले असले, म्हणजे पहिल्याचे वायफाय भिंतीपलीकडून पकडण्याचा त्याचा भार वाचतो.

जोडणी करताना वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, त्यामुळे मोबाइल आणि टीव्ही विनासायास जोडले गेले. प्रिंटरने मात्र बराच वेळ घेतला. तो केवळ २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ ओळखणारा आहे, म्हणून त्या पट्ट्यावरची सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर आणावी लागली. शिवाय नवा राउटर १९२.१६८.०.१ हा पत्ता घेऊन आला होता आणि प्रिंटरला जुन्या मालिकेतला कायमचा पत्ता दिलेला होता. राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.१ केल्यावर छपाई सुरू झाली. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न येता वापरता येतात. शेजारचे वायफाय ६ वर असल्याने आमचा राउटर १ वर आणि मागचा अॅक्सेस पॉइंट ११ वर ठेवला. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्डही त्याच बैठकीत बदलला.

पिंगची चाचणी मी पावसाळाभर अधूनमधून चालू ठेवली. राउटरचा अखंड चालू असण्याचा काळ आता आठवड्यांत मोजला जातो आणि २० तारखेच्या संध्याकाळी पोर्टल आपल्या संथपणाने चालते, पण आमच्या घरातून तुटत नाही. जुना राउटर रिसेट करून, त्यातला पासवर्ड पुसून, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिला. अशा वस्तूंसाठी १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यामुळे त्या भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत ठिकाणी देणे योग्य.

आता उरली आहे ती विजांच्या कडकडाटाची काळजी. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण खांबावरून येणाऱ्या केबलमध्ये आधारासाठी बहुधा पोलादी तार असते, आणि ओएनटीपासून पुढे तर सगळे तांब्याचे आहे. म्हणून वळवाच्या किंवा परतीच्या पावसात आकाश कडाडू लागले, की मी दोन्ही अडॅप्टर सॉकेटमधून काढते आणि ओएनटी व राउटर यांच्यामधली केबलही सोडवून ठेवते.