तीन नॉब आणि एक मल्टीमीटर : बेस उघडल्याची नोंद

पहिल्या नॉबला हात लावला की माझा बेस, म्हणजे बेस गिटार, कढईत भजी सोडल्यासारखा चुरचुरायचा. वर्षभर तसंच चालवून घेतलं. तालमीत तिन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवायचे आणि जे काय करायचं ते अँपवर करायचं, अशी सवयच लागली होती. बेस फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धर्तीवरचा, चार तारांचा, सेकंडहँड घेतलेला. गेल्या महिन्यात एकदाची प्लेट उघडली आणि भलताच गुंतलो.

पहिला शनिवार

कंट्रोल प्लेट चार स्क्रू काढले की हातात येते. खाली तीन पॉट (नॉब फिरवला की रोध कमीजास्त करणारे भाग), केबल लावायचा एक जॅक, एक कपॅसिटर आणि पाच-सहा वायरी. बस्स! इतकी वर्षं ज्याला घाबरत होतो तो एवढाच संसार. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला, आणि तो पुढे तीनदा कामाला आला. काळी वायर कुठली आणि कुठं जाते, हे आपल्याला लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

तारांचं कंपन पकडणारे पिकअप दोन. पहिला नॉब नेकच्या, म्हणजे मानेकडच्या पिकअपचा, दुसरा ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवतात त्या टोकाकडच्या पिकअपचा, तिसरा दोघांचा सामाईक टोन. 1960 साली फेंडरने जॅझ बेस आणला तेव्हा एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते, म्हणजे प्रत्येक पिकअपला स्वतःचा व्हॉल्यूम आणि स्वतःचा टोन. दोनेक वर्षांत त्याजागी हे तीन नॉब आले आणि तीच रचना आजवर टिकली. फेंडरच्याच प्रिसिजन बेसवाल्यांना तर दोनच नॉब, त्यांचं बरं आहे.

पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. ब्रिजचा आणि टोनचा लगेच सुधारले. नेकचा नाही. आतला कार्बनचा पट्टाच झिजला असेल तर क्लीनर काय करणार.

दुसरा शनिवार, म्हणजे चुकीचा शनिवार

पुण्यात तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन "अडीचशे केचा पॉट द्या" म्हटलं, दुकानदाराने दिला. (के म्हणजे किलोओहम, रोधाचं माप.) चूक माझी, कारण अर्धीच मागणी केली. घरी येऊन सोल्डर केला. पॉटच्या पाठीवर अर्थची वायर काही केल्या चिकटेना, सोल्डरचे मणी नुसते घरंगळत होते. पाठ पॉलिशपेपरने घासून आधी तिथं सोल्डरचा पातळ थर चढवला, मग बसली. खरखर गेली, पण नॉब विचित्र वागायला लागला. पूर्ण उघड्यापासून अर्ध्यापर्यंत फिरवला तरी आवाज जेमतेम हलायचा आणि शेवटच्या थोड्याशा फिरकीत धपकन खाली जायचा.

पॉटवर छापलं होतं बी250के. काढलेल्या जुन्यावर होतं ए250के. मीटर लावून दोन्ही नॉब बरोबर मध्यावर ठेवले. बीचं मधलं टोक आणि जमिनीकडचं टोक यांत 124 के आलं, 'ए'चं फक्त 28 के. म्हणजे बी सरळ रेषेत वाढतो. ए सुरुवातीला हळू आणि शेवटी झपाट्याने. आपला कान आवाजातली वाढ पटीत मोजतो, म्हणून व्हॉल्यूमला ए हवा. टोनलाही 'ए'च बरा, कारण टोनची सगळी गंमत साधारण 30 केच्या खाली घडते. बी लावला तर ती शेवटच्या बोटभर फिरकीत कोंबली जाते. पुन्हा गल्ली, पुन्हा सोल्डर.

तिसरा शनिवार, ज्यासाठी ही नोंद लिहितोय

नवा पॉट बसला. म्हटलं, सगळं जोडलंय तर एकदा जॅकमधूनच मोजून बघू. बेसमध्ये केबल लावली आणि दुसऱ्या टोकाच्या पिनवर मीटरच्या तारा धरल्या. टोनचा पॉट मोजणीच्या मधे येत नाही, कारण कपॅसिटर मीटरचा डीसी प्रवाह अडवतो.

दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना 3.6 के. फक्त नेक उघडा, तर 6.9. फक्त ब्रिज, तर 7.2. दोन पिकअप समांतर जोडलेत, म्हणून एकत्र केल्यावर आकडा निम्म्यावर येतो. इथपर्यंत शाळेतलं गणित.

मग ब्रिज बंद ठेवून नेक अर्ध्यावर आणला. मीटरवर डावीकडे नुसता 1. वाटलं, सोल्डर सुटलं. प्लेट पुन्हा उघडली, सगळं जागच्या जागी. मग लक्षात आलं की मीटर 20 केच्या रेंजवर आहे आणि आकडा त्यात मावत नाहीये. 200 के लावलं, 119 आलं!

अर्ध्या फिरकीत सात केचे 119 के कसे झाले? जॅझ बेसमध्ये पिकअपची वायर पॉटच्या मधल्या टोकाला जाते आणि जॅककडची वायर कडेच्या टोकाला. असं उलटं जोडलं नाही, तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की जॅकची वायर थेट जमिनीला लागेल आणि दुसरं पिकअपही गप्प होईल. उलटं जोडल्यामुळे बंद केलेला पॉट नुसता 250 केचा रोध होऊन बाजूला पडून राहतो. पण या सोयीची किंमत आहे. नॉब अर्ध्यावर असताना पिकअप आणि जॅक यांच्यामध्ये पॉटचा वरचा मोठा तुकडा, दोनशेवीसेक के, उभा राहतो.

आता यात केबल धरा. साध्या केबलची कपॅसिटन्स दर मीटरला ढोबळमानाने 100 पिकोफॅरड. माझी सहा मीटरची, म्हणजे 600. 119 के आणि 600 पिकोफॅरड मिळून एक फिल्टर होतो आणि तो साधारण सव्वादोन हजार हर्ट्झच्या वरचं कापायला लागतो. पूर्ण उघड्या नॉबला हाच केबलचा त्रास जवळपास नाही.

गाणं हळू झालं की मी बेसवरचा आवाज कमी करायचो आणि बेस एकदम गोधडीखाली गेल्यासारखा व्हायचा, त्याचं कारण हे. इतके दिवस मी अँपला दोष देत होतो. खात्रीसाठी एक मीटरची पॅच केबल लावून अँपला चिकटून बसलो. नॉब अर्ध्यावर, आणि तारेवरच्या नखाचा टकटक आवाज परत आला. बायको म्हणाली, तेच तेच काय वाजवतोयस. तेच नव्हतं.

दुसरी गोष्ट हमची, म्हणजे आजूबाजूच्या विजेच्या भुणभुणीची. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना बेस शांत, कारण दुसरं पिकअप उलट गुंडाळलेलं आणि उलट चुंबकाचं असतं, म्हणून दोघांनी पकडलेला हम एकमेकांना मारतो. एक नॉब जरा खाली आणला की तोल जातो आणि ट्यूबलाइटची भुणभुण सुरू. तरी मला ब्रिज थोडा कमी केलेलाच आवडतो. दोन्ही पूर्ण असताना मधला भाग पोकळ वाटतो, कारण दोन पिकअप तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात आणि काही सूर एकमेकांत विरतात. थोडी भुणभुण परवडली.

टोनचं थोडक्यात. कपॅसिटरवर 473 लिहिलेलं, म्हणजे 47 पुढे तीन शून्य पिकोफॅरड, 0.047 मायक्रोफॅरड. मगरचिमटे लावून 223 आणि 104 प्लेटबाहेरच बदलून ऐकले. नॉब उघडा असताना तिन्हींत मला फरक सांगता आला नाही. बंद केल्यावर 104 म्हणजे निव्वळ ढब-ढब, सूर कुठला तेही कळेना. 473 परत लावला. महागडे जुने तेलकागदी कपॅसिटर घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

चौथा शनिवार

मित्राचा पाचतारी अ‍ॅक्टिव्ह बेस, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअँप असलेला, घरी आणला. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून ही बॅटरीवाली पद्धत दुकानादुकानांत पोचली. माझ्यासारख्या बिनबॅटरीच्या, पॅसिव्ह बेसचा नॉब आवाजातून फक्त काढून घेऊ शकतो, इथं मात्र बास आणि ट्रेबल वाढवताही येतात, मध्यावर खटकन अडतात ती त्यांची शून्याची जागा. आणि आतल्या प्रीअँपमुळे बाहेर पडणारा रोध इतका कमी असतो की सहा मीटरची केबल लावा नाहीतर बारा, आवाज तोच. तिसऱ्या शनिवारचं सगळं दुखणं एका नऊ व्होल्टच्या बॅटरीने संपतं.

ती बॅटरी मी रात्रीत संपवली. त्याच्या जॅकला तीन टोकं असतात. बॅटरीची ऋण वायर मधल्या टोकाला, आणि साधी पिन आत गेली की तीच ते टोक जमिनीला जोडून सर्किट चालू करते. म्हणजे केबल हाच स्विच. मी केबल लावलेली ठेवून झोपलो. सकाळी बेस आधी फाटका वाजला, मग घोगरा, मग काहीच नाही. मित्राला नवी बॅटरी घालून परत दिला, वर चहा पाजला.

माझ्या बेससाठीही तीन टोकांचा जॅक आणि छोटा प्रीअँप आणून ठेवलाय. पण कंट्रोलच्या खड्ड्यात बॅटरी मावत नाही, पुठ्ठ्याचा ठोकळा कापून तीन प्रकारे बसवून पाहिला. मागून लाकूड कोरावं लागेल. शेजारचे सुतारकाका म्हणतात, अर्ध्या तासाचं काम. ते लाकूड कोरायचं राउटर यंत्र घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी बेस पिशवीत घालून चेन लावून टाकली.