दार लावून बघ

शनिवार, रात्री साडेदहा

नखांतला गंज साबणाने काही निघत नाही. आज माझ्या एमजीबीचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स गाडीचं, उजवीकडचं पुढचं मडगार्ड उतरवलं. मडगार्ड बोल्टांवर बसतं, तासाभराचं काम आहे, असं सकाळी हिला सांगून गॅरेजात गेलो होतो. सहा तास लागले. विंडस्क्रीनच्या बुडाशी दडलेले बोल्ट हलायला तयार नव्हते. दोन बोल्टांची डोकीच तुटली, ती ड्रिलने काढली. त्यात गाडी 1971 ची, इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली, म्हणजे सगळं इंचात. तेरा मिलिमीटरचा पाना नुसता फिरतो, बाराचा बसतच नाही.

मडगार्डाच्या आत, चाकाच्या वरच्या बाजूला, चिखलाचा ओला गठ्ठा निघाला. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते या गठ्ठ्यात मुरतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर रंग चकचकीत. सुटं मडगार्ड सध्या सोफ्यामागे उभं आहे. हिने त्याबद्दल अजून काही म्हटलेलं नाही, हेच जरा काळजीचं.

रविवार

आज सिल. दाराखालची ही पोकळ पत्र्याची पेटी. या गाडीला छपराचा आधार नाही, आणि चासीही वेगळी नाही. मधला बहुतेक भार दोन्ही बाजूंच्या सिलवर. पेटी तीन पत्र्यांची: बाहेरचा, आतला उभा आणि खालचा 'कॅसल रेल'. किल्ल्याच्या तटाला चर्या असतात तशा त्याला खाचा असतात, पाणी निघून जायला. माझ्या गाडीत त्या खाचा लांबीने (पुट्टीने) बुजवलेल्या. बाहेरचा पत्रा ग्राइंडरने कापला, तर आत आणखी एक जुना सिल! कुणीतरी कुजक्यावरच नवा चढवून रंग मारून दिलेला. जुना हाताने सोलला, पापुद्रे निघावेत तसा.

मामांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात त्यांनी तीस वर्षं डेंटिंग केलं. बॉनेटखाली नजर गेली आणि पहिलं वाक्य, "अरे, हे तर अँबॅसेडरचं इंजिन!" खोटं नाही. घराणं तेच, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. अँबॅसेडरला 1489 सीसीचं, माझ्या गाडीला 1798.

मग म्हणाले, "टाकी काढलीस का?"

"काढली मामा. बॅटऱ्यापण." (सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात.)

"आणि मधे पाइप?"

तो मी आतल्या बाजूने, पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये घट्ट बसवला होता. सिल कापल्यावर गाडी मधे बसू नये म्हणून. "मग ठीक. पण वेल्डिंगचा टाका मारायच्या आधी दार लावून बघ. प्रत्येक वेळी."

हो म्हणालो. संध्याकाळी नवा पत्रा क्लॅम्पने धरला, छान बसलेला दिसला, आणि घाईत तीन टाके मारून मोकळा झालो. मग दार लावलं. वरच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याला पत्रा घासला. गॅप चार मिलिमीटर हवा, तिथे नखही जाईना. म्हणजे मधे बसलीच होती थोडी. तिन्ही टाके तासून काढले. मामांना सांगितलेलं नाही.

पुढचा शनिवार

स्टँड सस्पेन्शनखाली घेतले, म्हणजे गाडी चाकांवर उभी असल्यासारखी राहते. मधे जॅक लावून, खाली लाकडी फळी ठेवून, एकेक चिमूट वर. चार मिलिमीटरची प्लायवूडची पट्टी दाराभोवती सरकेपर्यंत. मग एक टाका इथे, एक पार दुसऱ्या टोकाला; सलग मारले तर जेमतेम मिलिमीटरचा पत्रा तापून लाटा घेतो. दर चार टाक्यांनंतर दार. उघड, लाव, पट्टी फिरव. शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारून गेले, दार बिघडलंय का?

काल आलेलं नवं मडगार्ड नुसतं लावून बघितलं. स्वस्तातलं होतं, दाराशी सात मिलिमीटरची फट. परत पाठवलं. आता विटनीच्या ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीचं मागवतोय, मूळ साच्यांवरचं. हे आधीच सुचायला हवं होतं, पण चिक्कूपणा नडतो.

रात्री मामांना दार लावून आवाज ऐकवला. खूश झाले. म्हणाले, "डावीकडे काय आहे?"

"ती बाजू अजून उघडली नाही. बाहेरून चांगली दिसते."

ते नुसते हसले.