पट्टा थांबल्यानंतरची मिनिटं

जिना चढताना नाही, पळताना नाही, तर निवांत बसलो असताना छातीत एकदम धडधड व्हायची आणि एखादा ठोका गळाल्यासारखं वाटायचं. साध्या ईसीजीत काही सापडेना. सापडणार कसं, तो जेमतेम दहा सेकंदांचा! मग 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा ईसीजी, लावला आणि चोर पकडला गेला: हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून वेळेआधीच उठणारे जादा ठोके, म्हणजे व्हीपीसी. इको केला, तर झडपा आणि पंपिंग ठीक. तरीही डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी काढायची टेस्ट, सांगितली.

"इको नॉर्मल आहे, मग पट्ट्यावर कशाला पळवता?" मी विचारलंच.

"ब्लॉकेज शोधायला नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे हे ठोके व्यायामात कसे वागतात, ते मला बघायचंय."

हे वागणं म्हणजे काय, तर हृदयाची गती वाढल्यावर जादा ठोके दबून गेले आणि हृदयाची रचना चांगली असेल, तर सहसा काळजीचं कारण नसतं. उलट गतीबरोबर तेही वाढले, जोडीजोडीने किंवा ओळीने यायला लागले, त्यांचे आकार बदलू लागले, तर तपास पुढे न्यावा लागतो. व्यायामात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि हृदयाची गती आवरून धरणाऱ्या व्हेगस नर्व्हचा लगाम सुटतो. हृदयाच्या विद्युतयंत्रणेत जन्मजात दोष असेल तर त्याचं बिंग नेमकं अशा वेळी फुटतं. सीपीव्हीटी नावाच्या आनुवंशिक आजारात पडून काढलेला ईसीजी बहुधा स्वच्छ येतो, गडबड दिसते ती पळताना.

तयारी फार नव्हती. आधी काही तास जेवायचं नाही, चहा-कॉफी नाही, बूट चांगले हवेत. गोळ्यांचं मात्र नीट विचारून घ्यावं. निदान करायचं असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणारी गोळी, कधी कधी आधी बंद करायला सांगतात. गोळी कितपत काम करतेय हे बघायचं असेल तर चालूच ठेवतात. आपल्या मनाने ती अचानक सोडणं धोक्याचं आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इलेक्ट्रोड लावण्यात. टेक्निशियनने छातीवरचे केस काढले, स्पिरिटने पुसलं, मग खरखरीत कागदाने कातडी घासली. चांगलीच चुरचुरली. एकूण दहा इलेक्ट्रोड. हातापायांचे चार हातापायांवर न लावता खांद्यांजवळ आणि पोटाच्या खालच्या बाजूला. प्रत्येक तार बोटाने हलवून तो स्क्रीनकडे बघायचा. रेषा थरथरली की इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावायचा. मला तो जरा अतिच करतोय असं वाटत होतं. पण पळताना तार हलली की कागदावर जे उमटतं ते कधी कधी हुबेहूब व्हीटीसारखं, म्हणजे खालच्या कप्प्यांतून ओळीने सुटणाऱ्या वेगवान ठोक्यांसारखं, दिसतं, असं त्याने सांगितलं, आणि मी गप्प उभा राहिलो.

पट्टा ब्रूस प्रोटोकॉलने चालतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी ही पद्धत बसवली. सुरुवात ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ, मग दर 3 मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. पहिला टप्पा म्हणजे रमतगमत चालणं. तिसऱ्यात, ताशी साडेपाच किलोमीटर आणि 14 टक्के चढावर, पोटऱ्या बोलायला लागल्या. दांडीवर भार टाकू नका, नुसती बोटं टेकवा, असं टेक्निशियन सारखं बजावत होता. भार टाकला की श्रम कमी होतात आणि आकडे फसवे येतात. 220 वजा वय, त्याच्या 85 टक्के, एवढी हृदयाची गती गाठायची, हा हिशेब मी ऐकून होतो, त्यामुळे तिथे पोचलो की सुटका असं धरून चाललो होतो. पण ठोक्यांच्या तालासाठी टेस्ट असली की तेवढ्यावर थांबवत नाहीत. झेपेल तोवर चालवतात.

स्क्रीन मला तिरका दिसत होता. सुरुवातीला मधूनच एक रुंद, बेढब ठोका यायचा, त्यानंतर जरा लांबलेली सपाट रेषा, की पुन्हा नेहमीची रांग. गती वाढली तसे ते बेढब ठोके विरळ झाले आणि पुढे दिसेनासेच झाले. मला हायसं वाटलं. डॉक्टरांचा चेहरा तसाच.

पट्टा थांबला, मला आडवं केलं, आणि आता कुठे त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. पहिल्या मिनिटात गती किती उतरते हे आधी बघतात. 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली तर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. क्यूटी, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरून पुन्हा शांत होईपर्यंतचं ईसीजीवरचं अंतर, तेही या काळात पुन्हा मोजतात, कारण लाँग क्यूटी या तालाच्या आजाराच्या काही रुग्णांत ते रिकव्हरीच्या चौथ्या मिनिटाच्या आसपास लांबलेलं सापडतं. आणि जादा ठोके? क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की पळताना येणाऱ्या व्हीपीसींपेक्षा थांबल्यावर वारंवार येणाऱ्या व्हीपीसी पुढचा धोका जास्त चांगला सांगतात. वारंवार म्हणजे मिनिटाला 7 किंवा अधिक, किंवा जोडीने, ओळीने येणाऱ्या.

माझे परत आलेच. एकेकटे, तुरळक, सगळे एकाच आकाराचे. घामाने भिजलेल्या अंगावर तारा तशाच, आणि मी छताकडे बघत प्रत्येक ठोका मोजतोय. पळताना इतकी भीती वाटली नव्हती.

रिपोर्टवर ठळक अक्षरांत "टीएमटी निगेटिव्ह" असं आलं. ते लिहिलेलं असतं रक्तपुरवठ्याबद्दल. तालाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणून रिकव्हरीच्या पट्ट्यांसकट सगळी पानं मागून घेतली, आणि डॉक्टरांनी त्यांवर पेनाने खुणा करत समजावलं. गोळी सध्या नाही. व्यायाम चालू ठेवायचा, होल्टर आणि इको ठरावीक काळाने पुन्हा, कारण असे ठोके फार वाढले तर हळूहळू पंपिंग कमी होऊ शकतं. श्रम करताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, हेही घरी विचारून कळवायला सांगितलंय. मोठ्या काकांना फोन करायचा आहे.