मिठाच्या पुडीवरची तारीख

आमच्या घरी मिठाची नवी पुडी फोडली की मी तिच्यावर पेनाने तारीख लिहिते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर. आम्ही घरात चौघं, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. या हिशेबाने किलोची पुडी निदान ५० दिवस पुरली पाहिजे. आमची महिन्याच्या आत संपायची. लोणचं, पापड, फरसाण यांतून पोटात जाणारं मीठ वेगळंच.

सासूबाईंना बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. पण स्वयंपाकघरात ते करायचं कसं? आईंचं अळणी जेवण वेगळं शिजवायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. चारचौघांत एकट्या माणसाच्या ताटात पथ्याचं वाढलं की त्याचा जेवणातला जीवच जातो. त्यामुळे बदल सगळ्यांच्याच ताटात झाला.

आम्ही मिरजेकडचे, जेवणात ज्वारीची भाकरी, आणि तिच्या पिठात आम्ही मीठ घालत नाही. म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं. आमटी-भाजीतलं मीठ चिमटीचिमटीने कमी केलं. काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते. खरी मेख होती ताटाच्या डाव्या बाजूला. लोणचं, खर्डा, चटणी, पापड आणि वर वाढलेलं मीठ. ते मीठ आता वाढतच नाही. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियमच, म्हणून पापड सणावारी. डाव्या बाजूला आता काकडी, मुळा, लिंबाची फोड आणि घरी कुटलेली कारळ्याची चटणी असते. तिच्यात लसूण वाढवला, मीठ निम्मं केलं. ताकात आलं, कोथिंबीर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. "अगं, मिळमिळीत लागतंय," असं आई सुरुवातीला रोज म्हणायच्या. मग आमटीत एखादं आमसूल जास्त पडायला लागलं आणि तक्रार थांबली.

एकादशीला शेजारपाजारच्या बायका हमखास सांगतात, "सैंधव चालतं हो बीपीला." नाही चालत. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र खरंच वेगळं असतं, त्यात पोटॅशियम असतं. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

मिठापेक्षा अवघड गेली ती मिश्री. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी तव्यावर भाजलेली तंबाखू दातांना लावतात, आणि हे व्यसन आहे असं कुणाला वाटतही नाही. निकोटीनने नाडी आणि बीपी दोन्ही लगेच चढतात. आईंची दुपारची आणि रात्रीची मिश्री सुटली, सकाळची अजून आहे. त्यासाठी मी त्यांना बोलत नाही. साठ वर्षं ओलांडलेल्या बाईने एवढं सोडलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. गुडघे दुखले की आई मेडिकलमधून गोळी मागवायच्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी साठतं आणि बीपी वाढतं. घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल तर बीपीच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आता आईंचे गुडघे आम्ही शेकतो, आणि संध्याकाळी त्या माझ्याबरोबर सपाट रस्त्याने अर्धा तास चालतात.

बीपी मोजायचीही एक रीत आहे. आधी लघवीला जाऊन यायचं. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, मिश्री नाही. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि मोजताना बोलायचं नाही. आईंना हे शेवटचंच जड जातं. पट्टा फुगायला लागला की त्यांना नेमकी दूधवाल्याची आठवण येते! दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहिते, आणि तपासणीला जाताना वही बरोबर नेते.

वहीतले आकडे आता बरे दिसतात. ते पाहून "आता गोळी कशाला?" असं घरात एकदा निघालंच. आकडे बरे आहेत ते गोळी आणि पथ्य दोन्ही चालू आहे म्हणून. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टर वही बघून ठरवतील.

पुढच्या आठवड्यात नणंद माहेरपणाला येतेय. चाळिशी ओलांडली तरी तिने एकदाही बीपी मोजलेलं नाही, "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही" म्हणते. बहुतेकांना बीपी वाढलेलं असताना काहीच होत नाही. आईंनाही होत नव्हतं. आल्यावर तिला खुर्चीत बसवणार आहे.