देशी की परदेशी? मी पार्ट्सच्या खिडकीवर जाऊन ठरवलं

सात आठवडे माझी गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. सिग्नलवर पुढचा टेम्पो मागे सरकला आणि डावा हेडलॅम्प फुटला, एवढंच. पूर्वी हेडलॅम्प म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब. आताच्या बऱ्याच गाड्यांत तो सीलबंद डबा असतो. आत एलईडी, त्यांचं सर्किट, थंड ठेवणारा पंखा. आणि नवा बसवला की गाडीच्या कॉम्प्युटरला त्याची ओळखही करून द्यावी लागते. काच तडकली तरी अख्खा डबा बदलायचा. माझी गाडी पूर्ण बनून परदेशातून आलेली. तो डबा देशातल्या एकाही गोदामात नव्हता.

"ताई, गाडी ठणठणीत आहे," मेकॅनिककाका म्हणायचे, "पण एका डोळ्यानं रस्त्यावर कशी सोडू?"

त्या सात आठवड्यांत आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यायचं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला रिक्षात चढणं किती जड जात होतं, ते मी रोज बघत होते. गाडी सुटून आली त्याच दिवशी मी ठरवलं की ही आता विकायची. तशीही तिला दहा वर्षं होत आली होती.

दादाला हे कळल्यावर त्याचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच आलं. "या वेळी आपल्या देशात बनलेली घे. पैसा देशात राहतो, चार हातांना काम मिळतं." मला ते मनापासून पटत होतं, आजही पटतं. कारखान्यात काम करणारी माणसं आमच्या नात्यात आहेत. म्हणून मी सरळ या कामाला लागले: देशात बनलेली गाडी शोधायची.

पण देशात बनलेली म्हणजे नेमकी कोणती?

मी तीन गाड्या निवडल्या होत्या. पहिली देशी कंपनीची. दुसरीवर परदेशी कंपनीचा बिल्ला, पण जोडणी इथल्याच कारखान्यात. तिसरी पूर्णपणे आयात. कागदावर हिशेब स्वच्छ दिसत होता. काकांनी मात्र मला चेसिस नंबर वाचायला शिकवला आणि तो हिशेब विस्कटला.

हा नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पहिल्या एक-दोन अक्षरांवरून उत्पादक कोणत्या देशातला ते कळतं. जे म्हणजे जपान, के म्हणजे कोरिया, एल म्हणजे चीन, डब्ल्यू म्हणजे जर्मनी. एक, चार किंवा पाच आकड्यानं सुरू झाला तर अमेरिका, तीन असेल तर मेक्सिको. एम नंतर ए ते ई यांपैकी एक अक्षर आलं तर भारत. नंबर पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर सापडतो. बहुतेकदा त्या पट्टीवर देशाचं नावही छापलेलं असतं.

मी दादाला घेऊन देशी कंपनीच्या शोरूममध्ये गेले. आम्हाला आवडलेला सर्वांत वरचा प्रकार उभा होता. दादानं स्वतः वाकून पट्टी वाचली आणि तो गप्प झाला. तो प्रकार कंपनीच्या परदेशातल्या कारखान्यातून येत होता. खालचे दोन प्रकार तेवढे इथे बनत होते. मग दुसऱ्या शोरूममध्ये परदेशी बिल्ल्याची गाडी पाहिली, तिचा नंबर आपल्या देशाचा निघाला.

एकदा हे डोळ्यांसमोर आल्यावर मी वाचत सुटले. होंडानं अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मेरिसव्हिलला अकॉर्ड बनवायला 1982 मध्ये सुरुवात केली. बीएमडब्ल्यूची एक्स5 साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गहून जगभर जाते. जग्वार आणि लँड रोव्हर 2008 पासून टाटांच्या मालकीच्या आहेत, व्होल्वोच्या गाड्यांची कंपनी 2010 पासून चीनच्या जीलीची. मला सर्वांत जास्त चकित केलं ते होंडाच्या डब्ल्यूआर-व्हीनं. 2024 पासून जपानमध्ये विकली जाणारी ही गाडी राजस्थानातल्या टपूकड्याच्या कारखान्यात बनते आणि बोटीनं जपानला जाते. जपानी ग्राहकानं ती देशी म्हणायची की आयात?

दादाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझं म्हणणं चुकीचं ठरत नाही. बिल्ला नको बघू, कारखाना बघ." बरोबर होतं त्याचं. कामगाराचा पगार जोडणीच्या जागी होतो, नफा मालकाच्या देशात जातो, आणि सुटे भाग कुठून येतात हा तिसराच मुद्दा. काही गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांमधून येतात आणि इथे फक्त जोडल्या जातात. कागदोपत्री त्याही इथल्याच. अमेरिकेत 1992 च्या कायद्यानं नव्या गाडीवर लेबल सक्तीचं केलं: अमेरिका आणि कॅनडातले भाग किती टक्के, शेवटची जोडणी कुठे, इंजिन आणि गीअरबॉक्स कोणत्या देशाचा. मला असं लेबल कुठल्याच गाडीवर दिसलं नाही. ते सगळीकडे असायला हवं असं मला फार वाटतं. बिस्किटाच्या पुड्यावर आपण घटक वाचतो, आणि गाडीच्या बाबतीत सेल्समनच्या शब्दावर राहायचं?

मग मी स्वतःच एक पद्धत काढली, आणि कुणी मला विचारलं तर मी आधी हीच सांगते. सेल्समनशी बोलणं थांबवलं. शोरूमच्या मागे वर्कशॉप असतं आणि त्याच्या टोकाला पार्ट्सची खिडकी. तिथल्या माणसाला गाडी विकायची नसते. त्याला रोज गाडी अडकलेल्या माणसांची बोलणी ऐकावी लागतात, म्हणून तो खरं सांगतो. तिन्ही ठिकाणी मी तेच पाच भाग विचारले: पुढची काच, हेडलॅम्प, दाराचा आरसा, पुढचा बंपर आणि गीअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, म्हणजे गीअरबॉक्स चालवणारा छोटा कॉम्प्युटर. आत्ता गोदामात आहे का, नसेल तर कुठून येतो, आणि मागच्या वेळी प्रत्यक्षात किती दिवस लागले? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. "किती दिवसांत येईल" असं विचारलं की सगळेच "आठवडाभरात" म्हणतात.

आयात गाडीच्या खिडकीवरच्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. काच होती. बंपर बोटीनं येतो. आरशाला मागच्या ग्राहकाला सहा आठवडे लागले होते. "विमानानं मागवता येतो, पण तो खर्च इन्शुरन्सवाले देतीलच असं नाही," तो म्हणाला. हे मी नंतर इन्शुरन्सवाल्याकडूनही तपासून घेतलं आणि ते खरं निघालं.

परदेशी बिल्ल्याच्या गाडीचे पत्र्याचे आणि काचेचे भाग दोन-तीन दिवसांत मिळत होते, पण हेडलॅम्प बाहेरून येत होता. हेडलॅम्प म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

देशी गाडीच्या खिडकीवर पाचपैकी चार भाग एक ते तीन दिवसांत. मी खुशीत वही मिटणार, तेवढ्यात तिथला मुलगा म्हणाला, "ताई, गीअरबॉक्सचं युनिट मात्र परदेशातून येतं. मागच्या वर्षी एकाला पाच आठवडे थांबावं लागलं." हे त्यानं न लपवता सांगितलं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

त्याच्या बोलण्यानं मला 2011 चा जपानमधला भूकंप आठवला. गाडीच्या रंगाला चमक देणारं एक रंगद्रव्य तेव्हा जगात एकाच कारखान्यात, जपानमधल्या ओनाहामाला बनत होतं. तो बंद पडल्यावर अमेरिकन कंपन्यांनाही काही काळ्या आणि लाल छटांच्या गाड्यांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या होत्या. शंभर टक्के देशी गाडी मिळणार नाही, हे मला त्या खिडकीपाशी नीट उमजलं. कोणता भाग मोडण्याची शक्यता जास्त आणि तो कुठे ठेवलेला आहे, एवढंच मला बघता येणार होतं. रस्त्यावर आरसे, दिवे आणि काचा फुटतात. कंट्रोल युनिट क्वचित जातं, आणि गेलंच तर वॉरंटीत असण्याची शक्यता बरी.

टेस्ट ड्राइव्हला मी आईला बरोबर नेलं. आयात गाडी अप्रतिम होती, हे कबूल करायलाच हवं. खड्ड्यावरून जाताना चहाचा कप हातात धरून बसता आलं असतं. पण तिची सीट खाली होती, आईला बसताना हात द्यावा लागला आणि उठताना दोघींना जोर लावावा लागला. ग्राउंड क्लिअरन्सही कमी. आमच्या गेटजवळच्या गतिरोधकावर तिचं पोट घासलंच असतं. ती गाडी ज्या रस्त्यांसाठी आखली तिथे असे गतिरोधक नसावेत. देशी गाडीत आवाज थोडा जास्त, दाराच्या आतलं प्लास्टिक साधं, पण सीट बरोबर कमरेच्या उंचीला. आई एकटी बसली, एकटी उतरली.

मधल्या काळात एका ओळखीच्यांनी जपानहून आलेली जुनी गाडी सुचवली. चार दिवस मी तिच्याही मागे होते. तिचा रेडिओच इथे चालेना, कारण जपानमध्ये एफएमची पट्टी 76 मेगाहर्ट्झपासून 95 पर्यंत आहे आणि इतर बहुतेक देशांत 87.5 ते 108. रेडिओ बदलता येतो. पण कंपनीच्या अधिकृत मार्गाबाहेर आलेल्या गाडीला इथली वॉरंटी मिळत नाही, आणि उद्या एअरबॅगसाठी रिकॉल निघाला, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, तर ते पत्र माझ्या पत्त्यावर येईलच असं नाही. ते ऐकल्यावर मी तो विचार सोडला.

सुरक्षिततेवर मात्र मी बराच वेळ घालवला. दादासकट सगळ्यांचा समज होता की परदेशी पत्रा जाड असतो. 2016 मध्ये निसानच्या दोन गाड्या मुद्दाम समोरासमोर धडकवल्या होत्या, मेक्सिकोत विकली जाणारी त्सुरू आणि अमेरिकेत विकली जाणारी व्हर्सा. दोन्ही मेक्सिकोतच बनलेल्या. निष्कर्ष असा निघाला की त्सुरूचा चालक बहुधा दगावला असता, आणि व्हर्साच्या चालकाला किरकोळ दुखापत झाली असती. देश एक, कंपनी एक. फरक होता तो कोणत्या बाजारासाठी आणि कोणत्या नियमांखाली गाडी बनवली याचा. त्यानंतर मी धडक-चाचणीत गाडीला मिळालेले सुरक्षेचे तारे नुसते मोजले नाहीत. मी घेणार तोच प्रकार, त्याच वर्षाचा, तेवढ्याच एअरबॅग असलेला चाचणीत होता का, ते बघितलं. देशी गाडीचा मधला प्रकार त्यात बसला. परदेशी बिल्ल्याच्या गाडीचे तारे दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्या गाडीचे होते, ज्यात दोन एअरबॅग जास्त होत्या.

तिथे माझा निर्णय झाला. आयात गाडीवरून मन काढणं जड गेलं. तिच्या शोरूमला नाही म्हणायला फोन केला तेव्हा मला खरंच वाईट वाटत होतं.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी मी काकांना घेऊन यार्डात गेले. पैसे भरायच्या आधी चेसिस नंबर कागदांशी जुळवला. टायरच्या कडेवर एक लांब कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. बंदरात किंवा यार्डात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या यातून ओळखू येतात, मग त्या देशी असोत की आयात. आमच्या गाडीचे चार टायर एका महिन्याचे आणि स्टेपनी जवळजवळ वर्षभर जुनी निघाली. काकांनी शांतपणे सांगितलं, "ही बदलून द्या, मग गाडी नेतो." दीड तास गेला, पण बदलून मिळाली. ब्रेक डिस्कवर गंज नव्हता, बॅटरीचा व्होल्टेज बरोबर होता.

घरी आल्यावर दादानं बॉनेट उघडून गीअरबॉक्सवरची पट्टी शोधली. वाचून माझ्याकडे पाहिलं. त्यावर परदेशाचं नाव होतं. "मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि वहीत लिहिलेलं पाच आठवड्यांचं उत्तर त्याला दाखवलं.

दर सर्व्हिसिंगला मी पार्ट्सच्या खिडकीवर जाऊन त्या मुलाला कंट्रोल युनिटबद्दल विचारते. गेल्या वेळी त्यानं कॉम्प्युटर न बघताच सांगितलं, "आता दोन ठेवलेत, ताई."