आमच्या सातवीच्या टीचर

शाळेच्या ज्युबिलीसाठी आठवणी लिहा असा कमिटीचा मेसेज आला आणि डोळ्यांसमोर आधी आल्या त्या आपल्या सातवीच्या टीचर. बाकी शाळेबद्दल इतर लोक लिहितीलच, मी फक्त टीचरांबद्दल लिहिणार.

टीचरांना फळा दुसऱ्या कुणी पुसलेला चालायचा नाही. वरून खाली सरळ पट्टे ओढत, अगदी कोपऱ्यातली तारीखसुद्धा पुसायच्या आणि ओठ हलत असायचे. एकदा वह्या द्यायला पुढे गेले तेव्हा विचारलंच, टीचर काय पुटपुटता? तर म्हणाल्या, "अगं, 'येशू, हे तुझ्यासाठी', एवढंच." मग डस्टर हातात तसंच धरून मला ब्रदर लॉरेन्सबद्दल सांगत बसल्या. पॅरिसच्या कार्मेलाइट (कॅथलिक संन्याशांचा एक संघ) मठातला स्वयंपाकी, आधी सैनिक होता, 1691 साली वारला, स्वयंपाकघराचं काम त्याला मुळीच आवडायचं नाही तरी तिथेच भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलत राहायचा, पुढे मठातल्या चपला शिवायचं काम मिळालं तेव्हाही तेच. आणि मन भरकटलं तर स्वतःला बोल लावत बसायचा नाही, सरळ परत देवाकडे वळायचा. हे शेवटचं टीचरांनी मला दोनदा सांगितलं.

आज मी वाशीला ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरची नर्स आहे, यंदा इनचार्ज झाले. ऑपरेशनच्या आधी स्क्रब करताना, म्हणजे हात धुताना, आधी नखं, मग बोटं, मग कोपरापर्यंत, मनात टीचरांचेच शब्द आणि पुढे पेशंटचं नाव, मग तो कुठल्याही धर्माचा असो. ट्रान्स-हार्बरच्या लोकलला ऐरोली, रबाळे, घणसोली, गाडी थांबली की देवाची आठवण करायची असं ठरवलंय, मध्येच ड्युटीचे मेसेज येतात आणि तुर्भे कधी आलं कळतच नाही, मग तिथून परत सुरू. रात्री झोपायच्या आधी अख्खा दिवस देवासोबत पुन्हा बघायचा, ही जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसची पद्धत, तीही टीचरांनीच लावली.

मध्यंतरी शाळेत येऊन गेले. स्मार्टबोर्ड छानच आहेत. पण बाराची आंजेलसची, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली की टीचर अर्ध्या वाक्यात थांबायच्या आणि आख्खा वर्ग, ख्रिश्चन असो नसो, शांत उभा राहायचा, ते आता होत नाही म्हणे, पिरियडचं टायमिंग बदललं. फार वाईट वाटलं. दोन मिनिटांनी पोर्शन मागे पडत नाही हो.

टीचर आता चालू शकत नाहीत, पण यायचं म्हणतात. ज्युबिलीच्या मिस्साला (चर्चच्या प्रार्थनेला) पुढे व्हीलचेअरपुरती जागा ठेवा, त्यांना घेऊन मी येते.